एक पान, दोन बोली : ब्राउझरयुद्ध आणि एका सामाईक भाषेची घडण

१/
ऑक्टोबर १९९७ चा आरंभ. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे नेटस्केप कंपनीच्या हिरवळीवर रातोरात एक अवाढव्य 'ई' अक्षर अवतरले. सॅन फ्रान्सिस्कोत मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ४ चा प्रकाशन सोहळा नुकताच साजरा केला होता, आणि हे बोधचिन्ह त्याच ब्राउझरचे होते. नेटस्केपच्या लोकांनी ते आडवे पाडले, त्यावर आपला डायनोसॉर 'मोझिला' उभा केला आणि सोबत पाटी लावली : नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८.

२/
हे आकडे बाजारातील टक्केवारीचे होते. पुढील पाच वर्षांत ते पार उलटे झाले. मात्र या युद्धाची झळ दोन कंपन्यांपुरती राहिली नाही. ती वेबपाने लिहिणाऱ्या प्रत्येकाला लागली. पानावरील एखादी चौकट लपवायची किंवा मजकुराचा रंग बदलायचा, एवढ्या साध्या कामासाठी एकच गोष्ट दोन बोलींत लिहावी लागे. त्या दोन बोली कशा निर्माण झाल्या आणि त्यांतून एक सामाईक भाषा कशी घडली, याचा हा धागा.

३/
टिम बर्नर्स-ली यांच्या मूळ कल्पनेत वेबपान म्हणजे मजकुराची रचना : हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा. ते दिसावे कसे, हे ब्राउझरने ठरवायचे. परंतु १९९३ मध्ये मोझेक आणि १९९४ मध्ये नेटस्केप आल्यावर वेब सामान्य माणसांपर्यंत पोहोचले, आणि लेखकांना पानाच्या रूपावर ताबा हवासा वाटू लागला. नेटस्केपने ही भूक ओळखून 'फाँट', 'सेंटर' असे स्वतःचे टॅग बाजारात आणले. प्रथम ब्राउझरमध्ये घालायचे आणि संमतीचा विचार मागाहून करायचा, ही रीत येथूनच पडली.

४/
यावरचा विचारपूर्वक उपाय १० ऑक्टोबर १९९४ रोजी पुढे आला. सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या होकून विउम ली या नॉर्वेजियन अभियंत्याने शैलीपत्रकांचा प्रस्ताव मांडला : मजकूर एका ठिकाणी आणि त्याच्या रूपाचे नियम दुसऱ्या ठिकाणी. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सीएसएसची पहिली पातळी अधिकृतपणे प्रसिद्ध केली.

५/
दरम्यान दुसरा प्रवाह वाहू लागला होता. मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी अवघ्या दहा दिवसांत एका लहान भाषेचा पहिला नमुना तयार केला. तिचे नाव आधी 'मोका', मग 'लाइव्हस्क्रिप्ट' आणि ४ डिसेंबर १९९५ च्या घोषणेत 'जावास्क्रिप्ट' झाले. आरंभी तिचे अधिकार मर्यादित होते. अर्जातील रकाने तपासणे, खिडकी उघडणे, आणि १९९६ पासून एका चित्राच्या जागी दुसरे चित्र ठेवणे. पडद्यावर एकदा उमटलेला परिच्छेद मात्र दगडावरच्या रेघेसारखा होता. त्याचे रूप पुन्हा बदलता येत नसे.

६/
ऑगस्ट १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ३ आणला. त्यात जावास्क्रिप्टची स्वतः घडवलेली प्रतिकृती 'जेस्क्रिप्ट' होती आणि अपुरा का होईना, सीएसएसला आधार होता. त्याच महिन्यात नेटस्केपने कन्सॉर्शियमपुढे प्रतिप्रस्ताव ठेवला : जावास्क्रिप्टवर आधारलेली शैलीपत्रके. 'सर्व शीर्षके तांबडी असावीत' असा नियम सांगण्याऐवजी जावास्क्रिप्टच्या वाक्यातच शीर्षकाच्या रंगाला मूल्य द्यायचे, अशी ती पद्धत.

७/
हा प्रस्ताव मानक म्हणून कधीच स्वीकारला गेला नाही. सीएसएसने लेखकाला केवळ इच्छा सांगायला शिकवले होते. ती पूर्ण करण्याची कृती ब्राउझरकडे सोपवलेली होती. नेटस्केपच्या पद्धतीत रूप सांगण्यासाठीही प्रोग्राम चालवावा लागे. ४ थ्या आवृत्तीत नेटस्केपने सीएसएसला आधार दिला खरा, पण आतल्या आत प्रत्येक नियमाचे भाषांतर जावास्क्रिप्ट शैलीत होत असे. परिणाम असा की, वापरकर्त्याने जावास्क्रिप्ट बंद केली की पानाची सगळी शैलीही नाहीशी होई.

८/
जून १९९७ मध्ये नेटस्केप ४ आला आणि त्याबरोबर 'लेयर' ही कल्पना आली. पानावर पारदर्शक कागदासारखे थर ठेवायचे आणि 'डॉक्युमेंट.लेयर्स' या सूचीतून जावास्क्रिप्टने ते सरकवायचे, दाखवायचे, लपवायचे. जो मजकूर थरात नाही, त्याचे रूप एकदा उमटल्यावर हाती लागत नसे. शिवाय खिडकीचा आकार बदलला की मांडणी विस्कटे. अनुभवी लेखक त्यावर एकच तोडगा योजत : खिडकी हलली की संपूर्ण पान पुन्हा उघडायला लावणे.

९/
काही महिन्यांत आलेल्या एक्सप्लोरर ४ ने वेगळा आणि अधिक धाडसी मार्ग धरला. 'डॉक्युमेंट.ऑल' या सूचीत पानावरील प्रत्येक घटक होता आणि प्रत्येक घटकाला 'स्टाइल' नावाची वस्तू जोडलेली होती. तिच्यातील मूल्य बदलले की पान तत्क्षणी नव्याने मांडले जाई. सीएसएसमधील नावांत जोडरेघ असते, पण जावास्क्रिप्टला ती वजाबाकीची खूण वाटते. म्हणून 'बॅकग्राउंड' आणि 'कलर' हे दोन शब्द जोडरेघेविना एकत्र लिहून दुसऱ्याचे आद्याक्षर मोठे करण्याची पद्धत रूढ झाली.

१०/
आता एक चौकट लपवण्याचे काम पाहावे. नेटस्केपमध्ये ती थरांच्या सूचीतून शोधायची आणि तिच्या 'व्हिजिबिलिटी'ला 'हाइड' हे मूल्य द्यायचे. एक्सप्लोररमध्ये ती 'ऑल'मधून शोधायची, तिच्या 'स्टाइल'मध्ये शिरायचे आणि त्याच गुणधर्माला 'हिडन' हे मूल्य द्यायचे. शोधण्याची जागा वेगळी, वाट वेगळी, शेवटचा शब्दही वेगळा. आणि दोन्ही कंपन्या आपापल्या पद्धतीला एकाच नावाने मिरवत होत्या : डायनॅमिक एचटीएमएल.

११/
त्यामुळे प्रत्येक पानात एक फाटा आला : 'लेयर्स असतील तर असे, ऑल असेल तर तसे.' काही जणांनी ब्राउझरचे नाव विचारून वाट ठरवली, पण नावावर विसंबणे धोक्याचे होते. एक्सप्लोरर स्वतःची ओळख 'मोझिला' अशीच करून देई, कारण अनेक सर्व्हर त्या नावाच्या ब्राउझरलाच चांगली पाने पाठवत. यातून प्रोग्रामरांनी एक टिकाऊ धडा घेतला : ब्राउझरला त्याचे नाव विचारू नये, त्याला काय येते ते विचारावे.

१२/
तडजोडीचे काम कन्सॉर्शियममध्ये चालू होते. १ ऑक्टोबर १९९८ रोजी 'डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल'ची, म्हणजेच डॉमची पहिली पातळी प्रसिद्ध झाली. घटक शोधण्यासाठी 'गेट एलिमेंट बाय आयडी' ही तटस्थ आज्ञा तिने दिली. १३ नोव्हेंबर २००० रोजी दुसऱ्या पातळीचा शैलीविषयक भाग आला आणि घटकाच्या शैलीला हात घालण्याचा अधिकृत मार्ग ठरला. तो मार्ग होता घटकाला जोडलेली 'स्टाइल' ही वस्तू.

१३/
येथे इतिहासाची एक गंमत दिसते. लोकप्रिय कथनात मायक्रोसॉफ्ट खलनायक आणि नेटस्केप पीडित. पण या एका प्रश्नावर मानकाने मायक्रोसॉफ्टची रचना उचलली, कारण ती अधिक सुबक होती, आणि नेटस्केपचे थर अडगळीत गेले. नेटस्केपचा वारसा सांगणाऱ्या मोझिलाच्या नव्या इंजिनानेही, म्हणजे २००० सालच्या नेटस्केप ६ ने, ते पूर्णपणे सोडून दिले.

१४/
मानक छापले गेले म्हणजे ते पाळले गेले असे नव्हे. १९९८ मध्ये जेफ्री झेल्डमन, जॉर्ज ओल्सन, ग्लेन डेव्हिस आदींनी 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' ही चळवळ उभारली आणि दोन्ही कंपन्यांवर जाहीर दबाव आणला. त्याच वर्षी टॉड फार्नर यांनी 'अॅसिड' चाचणी रचली : एक पान, त्याचे एक प्रमाणचित्र. ब्राउझरने काढलेले चित्र त्याच्याशी जुळले तर तो उत्तीर्ण. वाद घालण्याऐवजी पुरावा समोर ठेवण्याची ही रीत पुढे फार उपयोगी पडली.

१५/
वादाचा एक ठळक मुद्दा रुंदीचा होता. चौकटीची रुंदी २०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना आतली मोकळी जागा २०-२० आणि कडा ५-५. सीएसएसच्या नियमाप्रमाणे चौकट एकंदर २५० पिक्सेल जागा व्यापते. विंडोजवरील एक्सप्लोरर ५ पर्यंत मात्र सगळे २०० मध्येच बसवले जाई. जुनी पाने न मोडता हे सुधारायचे कसे? मॅकसाठीच्या एक्सप्लोरर ५ ने, मार्च २००० मध्ये, वाट दाखवली : पानाच्या आरंभीची घोषणा पाहून जुने नियम की नवे, हे ठरवायचे. या पद्धतीमागे टांटेक चेलिक हे अभियंते होते.

१६/
याचा फटका जावास्क्रिप्टलाही बसला. रुंदीला नुसते '१००' हे मूल्य दिले, तर जुन्या नियमांत ते पिक्सेल समजून चालवून घेतले जाई. नव्या नियमांत एकक नसलेले मूल्य दुर्लक्षिले जाई, आणि तेही कसलीही तक्रार न करता. म्हणजे आज्ञा बरोबर, ब्राउझर तोच, पण पानाच्या पहिल्या ओळीवरून निकाल बदलायचा. नवशिक्यांचे कितीतरी तास या एका गोष्टीत खर्ची पडले.

१७/
तोवर युद्धाचा निकाल लागला होता. विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या ब्राउझरपुढे नेटस्केपचा निभाव लागला नाही. ३१ मार्च १९९८ रोजी त्याचा कोड मुक्त झाला. त्याच वर्षी कंपनी विकत घेत असल्याचे एओएलने जाहीर केले. अमेरिकेच्या न्याय विभागाने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात एप्रिल २००० मध्ये कंपनी दोषी ठरली. तिचे विभाजन करण्याचा आदेश मात्र २००१ मध्ये अपिलात रद्द झाला. काही काळातच एक्सप्लोररचा वाटा ९० टक्क्यांच्या पुढे गेला.

१८/
आता तरी एकच बोली उरली, असे वाटावे. घडले उलटेच. ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोरर ६ आला आणि पुढची आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडले. स्पर्धक संपल्यावर सुधारणेचे कारणही संपले. मायक्रोसॉफ्टने सुरुवात केलेली 'स्टाइल' वस्तू मानकात जाऊन विकसित झाली, आणि तिच्या जन्मदात्याचाच ब्राउझर जुन्या बोलीत अडकून पडला.

१९/
त्या काळातील भेदांची यादी बोलकी आहे. 'फ्लोट' हा शब्द तेव्हाच्या जावास्क्रिप्टमध्ये राखीव होता. म्हणून मानकाने त्याला 'सीएसएसफ्लोट' म्हटले, एक्सप्लोररने 'स्टाइलफ्लोट'. अपारदर्शकता मानकात ० ते १ मध्ये मोजायची. एक्सप्लोररमध्ये 'फिल्टर' नावाच्या वेगळ्या यंत्रणेतून ० ते १०० मध्ये. 'सेटअॅट्रिब्यूट' या आज्ञेने सगळी शैली एकदम द्यावी, तर एक्सप्लोरर ७ पर्यंत ती लागूच होत नसे. त्यासाठी 'स्टाइल'मधील 'सीएसएसटेक्स्ट'चा आधार घ्यावा लागे.

२०/
शैली लिहिण्यापेक्षा वाचणे अधिक बिकट होते. 'स्टाइल' वस्तूत घटकावर थेट लिहिलेलेच मूल्य असते. शैलीपत्रकातून आलेले मूल्य तिच्यात दिसत नाही. अंतिम मूल्य जाणण्यासाठी मानकाने 'गेटकंप्युटेडस्टाइल' दिले. एक्सप्लोररकडे होते 'करंटस्टाइल'. पहिले उत्तर पिक्सेलमध्ये देई, दुसरे लेखकाने लिहिले तसेच, म्हणजे 'दोन एम' लिहिले असेल तर 'दोन एम'. त्यावर गणित करणार कसे?

२१/
डीन एडवर्ड्स यांनी यावर एक नामी युक्ती काढली. ते मूल्य क्षणभर घटकाच्या 'लेफ्ट' या गुणधर्मात ठेवायचे, ब्राउझरने त्याचे केलेले पिक्सेल वाचायचे, आणि लगेच मूळ मूल्य जागेवर ठेवायचे. मधल्या काळात पडद्यावर काही हलू नये, याचीही तजवीज त्यात होती. ब्राउझरकडूनच रूपांतर करून घेण्याची ही युक्ती पुढे जेक्वेरीने उचलली आणि आपल्या कोडमध्ये त्यांचे श्रेय नोंदवले.

२२/
ही दुफळी भारतीय भाषांनाही भोवली. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीसह अनेक भाषांतील संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फाँट वापरत आणि ते पानाबरोबर वाचकाकडे पाठवत. एक्सप्लोररला ते एका स्वरूपात लागत, नेटस्केप ४ ला दुसऱ्या. ज्या संकेतस्थळाने एकाच ब्राउझरची सोय केली, त्याच्या पानावर दुसऱ्या ब्राउझरच्या वाचकाला बातमीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. येथे प्रश्न केवळ रूपाचा नव्हता. मजकूरच वाचता येत नव्हता.

२३/
दुफळीवर पूल बांधले ते ब्राउझर वापरणाऱ्या प्रोग्रामरांनी. नेदरलँड्सच्या पीटर-पॉल कोख यांनी कोणती आज्ञा कोणत्या ब्राउझरमध्ये चालते, याचे तपशीलवार तक्ते स्वतः चाचण्या घेऊन तयार केले. २००५ मध्ये सॅम स्टीव्हन्सन यांची 'प्रोटोटाइप' ही लायब्ररी आली. जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका मेळाव्यात जॉन रेसिग यांनी 'जेक्वेरी' सादर केली.

२४/
जेक्वेरीतील 'सीएसएस' या आज्ञेचे अंतरंग पाहिले, तर दहा वर्षांचा इतिहास त्यात साठलेला दिसतो. जोडरेघ असलेले नाव दिले तरी ती योग्य रूप करी. 'फ्लोट' आला तर ब्राउझरला रुचेल ते नाव निवडी. अपारदर्शकता आली तर जुन्या एक्सप्लोररसाठी 'फिल्टर' लिही. नुसता आकडा दिला तर 'पिक्सेल' जोडी, पण ओळीची उंची किंवा अक्षरांची जाडी अशा एककहीन गुणधर्मांना वगळी. लेखकाने एक ओळ लिहायची, फाटे फोडायचे काम लायब्ररीचे.

२५/
सप्टेंबर २००८ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, जेक्वेरी आपल्या व्हिज्युअल स्टुडिओसोबत दिली जाईल. आपल्याच ब्राउझरचे वेगळेपण झाकणारे साधन कंपनीने स्वतः वाटायला घेतले, यापेक्षा स्पष्ट कबुली ती कोणती? त्याच महिन्यात गूगलचा क्रोम आला. फायरफॉक्स १.० हा नोव्हेंबर २००४ पासून आणि सफारी २००३ पासून मैदानात होतेच. दबावाखाली मार्च २०११ मधील एक्सप्लोरर ९ ने अखेर 'गेटकंप्युटेडस्टाइल', 'सीएसएसफ्लोट' आणि मानक अपारदर्शकता स्वीकारली.

२६/
जुनी भांडणे मिटताच तीच चूक नव्या वेषात परतली. अपक्व गुणधर्मांना प्रत्येक ब्राउझरने स्वतःचा उपसर्ग लावायचा, अशी सोय होती. मग 'ट्रान्सफॉर्म' या एका शब्दाची जावास्क्रिप्टमध्ये वेबकिट, मोझ, ओ आणि एमएस अशी चार भावंडे झाली. मोबाइलवर वेबकिटचा जोर वाढला तशी कित्येक पाने केवळ त्याचाच उपसर्ग लिहू लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सीएसएस कार्यगटाचे सहअध्यक्ष डॅनियल ग्लाझमन यांनी याविरुद्ध जाहीर साद घातली. तरीही त्याच वर्षी ऑपेराने आणि २०१६ मध्ये फायरफॉक्सने प्रतिस्पर्ध्याचा उपसर्ग समजून घेण्याचा मार्ग पत्करला.

२७/
मात्र यावेळी धडा लवकर घेतला गेला. नवे प्रयोग उपसर्गाविना, पण वापरकर्त्याने मुद्दाम चालू केल्याशिवाय बंद ठेवण्याची पद्धत आली. २०२२ पासून 'इंटरॉप' या उपक्रमात अॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आदी दरवर्षी काही विषय निवडतात, सामाईक चाचण्यांवर आपापले ब्राउझर तपासतात आणि गुण उघडपणे मांडतात. १९९८ च्या त्या छोट्या चाचणीचाच हा वंशविस्तार. १५ जून २०२२ रोजी एक्सप्लोरर ११ चा आधार विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर थांबला.

२८/
युद्धाचे अवशेष अजून सापडतात. जवळजवळ प्रत्येक ब्राउझर आजही आपली ओळख 'मोझिला' अशी सांगतो. 'डॉक्युमेंट.ऑल' तर विलक्षण अवस्थेत जिवंत आहे : ती वस्तू आहे, तिच्यातून घटक मिळतात, पण 'तू आहेस का?' असे विचारले की उत्तर 'नाही' येते. जुन्या पानांतील 'ऑल असेल तर एक्सप्लोरर' हा फाटा टळावा आणि मानक वाट धरली जावी, म्हणून हा अपवाद मानकातच लिहून ठेवला आहे.

२९/
या इतिहासात एकसारखेपणा दोनदा आला. २००२ च्या सुमारास तो एकाच ब्राउझरच्या सत्तेमुळे आला आणि वेब पाच वर्षे गोठले. दुसऱ्या वेळी तो अनेक ब्राउझरांच्या करारातून आला आणि त्यातून वाढ झाली. आज क्रोम, एज आणि ऑपेरा एकाच इंजिनावर चालतात. वेबकिट आणि मोझिलाचे गेको ही दोन वेगळी इंजिने उरली आहेत. शैली बदलणारी एक ओळ आज सर्वत्र सारखी चालते. ती करारामुळे चालते की पुन्हा एकाच्या सत्तेमुळे चालू लागली आहे, याकडे नव्या पिढीने लक्ष ठेवले पाहिजे.

(समाप्त)